सोनवडी बुद्रुक की खुर्द?

धावपट्ट्यांना बोलता येऊ लागल्यापासून कॅप्टन रेवती घोरपडे दोनदा भलत्याच गावात उतरली होती, दोन्ही वेळा आग्रहाला बळी पडून. आणखी एकदा चुकली तर परवाना जाणार होता. आज तिला सोनवडी बुद्रुकला उतरायचं होतं आणि ढगांखाली दोन सारख्याच धावपट्ट्या दिसत होत्या.

"या या, ताई, इकडे या!" डावीकडची धावपट्टी लाडात म्हणाली. "चहा टाकलाय."

धावपट्ट्यांना खोटं बोलता येत नाही, तशी सोय केलेली असते. म्हणून रेवतीने थेट विचारलं, "तुम्ही बुद्रुक की खुर्द?"

"अहो, गाव एकच की! मध्ये नुसता ओढा आहे."

रेवतीने ताबडतोब विमान वर खेचलं.

"मॅडम, ती तर एकच गाव म्हणाली!" सहवैमानिक नाईकनवरे गडबडला.

"असं फक्त खुर्दवालेच म्हणतात," रेवती म्हणाली. तिचं माहेर खुर्दचंच होतं, दुसऱ्या एका गावाचं.

मग तिने उजवीकडच्या धावपट्टीला तेच विचारलं. ती आधी खाकरली.

"बुद्रुक. दिसत नाही? चाकं पुसून उतरा."

हा तोरा ऐकला आणि रेवतीचा जीव भांड्यात पडला.