चाकाखालचं लिंबू

मस्कतच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तो दोनदा नापास झाला, तेही ओव्हरटेक करताना उगाच हॉर्न वाजवला म्हणून. चिपळूणला टेम्पो चालवताना जडलेली खोड! तिसऱ्यांदा हात हॉर्नपासून लांब ठेवला, तेव्हा कुठे लायसन्स मिळालं.

जुनी का होईना, गाडी दारात येताच त्याने बायकोला फोन लावला. "पास झालो गं! आता तुझ्या व्हिसाचं बघतो."

"चाकाखाली लिंबू ठेवलंत ना?" तिने विचारलं. मग तिचा आवाज खाली आला. "अहो, आई न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलंय. त्यांना सोडून मी कशी येऊ?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमची टेस्ट होती ना."

फोन ठेवून त्याने खिशातलं लिंबू पुढच्या चाकाखाली ठेवलं, नमस्कार केला आणि सवयीने उजवं दार उघडून आत बसला. हात पुढे केले, तर स्टिअरिंगच नाही. इथे ते डावीकडे असतं. उजवीकडची ही सीट तिची होती.

तो तिथेच बसून राहिला. संध्याकाळ झाली, तरी लिंबू चाकाखाली अख्खंच होतं.