तपासणीच्या दिवशी कुरडया

गच्चीवर आठ सौर पॅनेल होती आणि त्यातल्या तीन काचांवर सत्तावीस ओल्या कुरडया. पंचशीलानं ते आत्ताच पाहिलं. घरची वीज लाइनला जोडायच्या अर्जाची तपासणी आजच होती आणि वीजकंपनीचे साहेब जिना चढत होते. “आई, हे कावून केलं?” “काच लई तापती, दोन घंट्यात वाळत्यात,” सिंधुबाई म्हणाल्या. साहेबांनी मीटर बघितला. “एवढीच वीज? अर्ज परत जाईल, ताई.” “थांबा. आठही पॅनेल एका माळेत आहेत, तीन झाकली की सगळ्यांचा जोर उतरतो,” पंचशीला म्हणाली. “मंग आधी सांगावं न्हाई का, मास्तरीणबाई?” सिंधुबाईंनी पदर खोचून कुरडया जुन्या साडीवर उतरवल्या; पंचशीलानं काचा पुसल्या. “आता आपली वीज परळीच्या वीजकेंद्राला जाणार व्हय?” सिंधुबाईंनी विचारलं. “शेजारच्या गिरणीत दळण होईल तिच्यावर, मावशी,” साहेब हसले. मीटरवर बाहेर जाणारी वीज ३.४ किलोवॉट भरली; अर्ज परत जायचा टळला.