मागाखालचं कुत्रं

कुत्रं मागाच्या खड्ड्यात शिरलं ते बाहेर येईना.

"कुटनं आणलंस हे?" चन्नवीरनं धोटा हातातच धरून बायकोला विचारलं.

"टेशनाच्या रस्त्याला पडलं हुतं," गुरम्मा म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात गोळीबार झाला न्हवं, तवापासनं भ्यालंय म्हणं. बघा की, कसं थरथरतंय."

चन्नवीर खाली वाकला. कुत्र्यानं त्याच्या पायाला अंग चिकटवलं आणि डोळे मिटून घेतले.

त्या दुपारी माग बंदच राहिला. धोट्याच्या खटखटीनं ते दचकत होतं.

घरात दोघंच. लुगडी चन्नवीर विणायचा. सूत आणणं, माल पोचवणं गुरम्माकडं. आता त्याला आणखी एक काम लागलं. भाकरी दुधात कुस्करायची आणि तळहातावर धरून बसून राहायचं. कुत्रं खायला लागलं, पण फक्त त्याच्याच हातचं.

मग घरमालकीण अक्कम्मा नाकाला पदर लावून आली.

"सगळं घर घाण करून टाकलं गं तुज्या जनावरानं! बाहेर जायला शिकीव त्याला. न्हायतर सोमवारी म्युनिसिपालटीची गाडी येती, तीत घाल."

त्या गाडीत गेलेलं कुत्रं परत येत नाही, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं.

"तू ने की त्याला," चन्नवीर बायकोला म्हणाला.

"मला चावतंय. तुमचीच पाठ धरलीया त्यानं."

त्यानं सुताची दोरी वळली. कुत्रं उंबऱ्यापर्यंत आलं. मागं गुरम्माच्या बांगड्या वाजल्या. कुत्रं आडवं झालं, लटलट कापायला लागलं.

"वढू नगं," दोरीला हात घालणाऱ्या गुरम्माला चन्नवीर म्हणाला आणि कुत्र्याशेजारी बसला. "वाटंल तवा येईल ते."

"येईल. पर गाडी थांबत न्हाय."

त्यानं कपाळ पुसलं. बऱ्याच वेळानं एक पाय बाहेर टाकला. "हे बघ. काय हाय का? काय न्हाय."

कुत्र्यानंही एक पाय टाकला.

दुसऱ्या दिवशी नळापर्यंत. गुरम्मा घागर घेऊन मागोमाग. मधेच मिलचा भोंगा झाला आणि दोघंही भिंतीला चिकटले. चन्नवीरनं कुत्र्याला छातीशी धरलं. "मी हाय न्हवं, मी हाय," असं पुटपुटत राहिला.

नळावरच्या बायका हसल्या. "काय गं गुरम्मा, नवऱ्याला कुत्री राखायला लावलंस व्हय?"

"बरं हाय की! तेवढंच तुमच्या तोंडाला काम!"

सोमवारी तिनं चन्नवीरच्या हातात पिशवी दिली. "आज सूत तुमीच आणा. बरोबर त्याला घ्या. मालक संगं दिसला की गाडीवाला हात लावणार न्हाय."

त्यानं पटका बांधला, सोडला, पुन्हा बांधला. गुरम्मा आज दारातच थांबली. कुत्रं पुढं निघालं.

कोपऱ्यावर गाडी समोर आलीच. चन्नवीर जागच्या जागी थिजला. गाडीवाल्यानं फास उचलला. तसा चन्नवीर कुत्र्याच्या पुढं जाऊन उभा राहिला आणि सगळी गल्ली वळून बघेल असा ओरडला, "माजं हाय ते!"

गाडी गेली. दोघं बाजाराकडं वळले.

गुरम्मा पायरीवर बसून डोळे पुसत होती. तेवढ्यात पलीकडच्या बोळातनं रस्त्यावर खेळ करणारा मडिवाळप्पा आला. ढोलकं खाली ठेवून म्हणाला, "अक्का, जळत्या कड्यातनं उडी मारणारं कुत्रं माजं, भ्याल्याचं सोंग करून कटाळलं असंल. गोळीबारापासनं वरीसभर घरात दडून बसलेला तुमचा मालक निघाला न्हवं भाईर? मग आता माजा गडी मला परत द्या."