झाड क्रमांक २१४

विमलबाईनं पदराखालून झाडाची साल काढली आणि फारेस्ट ऑफिसातल्या टेबलावर ठेवली. हातभर लांब, तिच्यावर पिवळ्या रंगात सरकारी आकडा: २१४. सालीतून दोन मुंग्या निघाल्या आणि फायलींकडं गेल्या.

"हे काय, अम्मा?" टेबलामागच्या व्यंकटेश सारनं विचारलं.

"तुमीच म्हनलं ना, नंबर दिसल्याबिगर दरखास्त घेत नाई? झाड वाळलं, साल गळली. सालीसंग नंबरबी खाली आला. म्हनून घेऊन आली."

झाड शिरसाचं, नार्नूरच्या रस्त्यावर उभं. म्हणजे सरकारी. त्याची मांडीएवढी वाळकी फांदी विमलबाईच्या टिनावर टेकलेली. टिनाखाली एकच खोली, खोलीत बाज, बाजेवर तिचा म्हातारा चंपत, कमरेतून गेलेला. फांदी कोणी हात लावून तोडत नव्हतं. शेजारच्या अमरदीपनं अशीच एक बिनपरवानगी छाटली होती, तो अजून कोर्टाच्या तारखा करून राह्यला होता.

व्यंकटेश सार नेमाचा माणूस. त्यानं पट्टीनं साल मोजली, रजिस्टरात लिहिलं, शिक्का मारला.

"काय लिवलं, सार?"

"झाड क्रमांक २१४. तुटलेल्या अवस्थेत ऑफिसात हजर."

"अवो, झाड तिकडं उभं हाय ना!"

"त्याच्यावर नंबर हाय?"

"नाई. नंबर इथं हाय."

"मंग? बिननंबरच्या झाडाले परवानगी देता येत नाई. अन् २१४ तं तुटलं. तुटलेलं झाड तोडाले मानसं कशी धाडू, अम्मा?"

"साल तरी वापस द्या. खिळा मारून ठोकते त्याले."

"जप्त झाली."

साल कपाटात गेली. कपाटाला कुलूप लागलं.

विमलबाई घरी आली तेव्हा वारा सुटला होता. टिनावर फांदी करकरत होती. चंपत वर पाहत पडला होता.

"काय म्हने वं?"

"झाड नाई म्हने."

चंपत जरा वेळ टिनाकडं कान देऊन राहिला.

"मंग हे कोन व्हय?"

सकाळीच विमलबाईनं बाज या भिंतीहून त्या भिंतीला ओढली होती. तिसऱ्या भिंतीला चूल होती, चौथीला दार. तिनं भाताचा मोठा गंज रिकामा केला, पुसला आणि चंपतच्या डोक्यावर पालथा घातला.

थोड्या वेळानं गंजातून आवाज आला, "अंदरबी आयकू येते वं."