हाडांची उजळणी

रेंडाने कोमट पाण्यातून फडकं पिळून काढलं आणि ओलेटाबाईंच्या खांद्यावरून फिरवलं.

"क्लॅव्हिकल," ओलेटाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

"गप्प पडा हो, मिस ओलेटा."

"का? आजवर तूच बडबडत आलीस. खांद्याशी आलीस की क्लॅव्हिकल, आणि त्याच्या मागचं ते चपटं हाड."

"स्कॅप्युला."

"हां, तेच."

केंटकीच्या डोंगरातल्या त्या वृद्धाश्रमात रेंडा मदतनीस होती. ॲनाटॉमीची सगळी हाडं तिने ओलेटाबाईंच्या अंगावरच पाठ केली होती. बाई इतक्या वाळलेल्या, की पुस्तकातल्या चित्रापेक्षा त्यांच्यावरच हाडं नीट दिसायची. तेव्हा त्यांना दोन पाय होते. पुढे डायबेटिसने डावा पाय गुडघ्यापासून नेला.

"मग? त्या जंतूंच्या विषयाचं काय झालं?" बाईंनी विचारलं.

"पास झाले. मार्कही चांगले पडले."

"आणि हे तू मला पाठ पुसून झाल्यावर सांगतेस? अगं, शेवटचाच होता ना तो विषय? म्हणजे आता थेट नर्सच्या वर्गात."

रेंडा पाण्याच्या टबावर वाकली. फडकं उगाच पुन्हा पिळलं.

"काल कॉलेजात गेले होते," ती म्हणाली. "प्रवेशाच्या खिडकीतली मुलगी म्हणते, तुमची ॲनाटॉमी चालणार नाही. जुनी झाली. पाच वर्षांच्या आतली लागते."

"जुनी झाली म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा करायची. पुन्हा पोराटोरांच्या वर्गात बसायचं, पुन्हा ती मेलेली मांजर चिरायची."

नर्सिंगला प्रवेश मागायचा तर आधी हे विषय पास व्हावे लागतात, आणि विज्ञानाचे विषय तिथे दुधासारखे नासतात. रेंडाची चूक एवढीच, की सगळ्यांत अवघड विषय तिने आधी घेतला. डोंगरातली माणसं असंच करतात. चढावरचं गवत आधी कापायचं, सपाटीवरचं मग कधीही होतं, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. मध्ये नवऱ्याची पाठ खाणीत मोडली, रसायनशास्त्रात एकदा आपटी खाल्ली, पुरात रस्ता वाहून गेला. आणि अवघड म्हणून जे आधी उरकलं होतं, तेच आधी नासलं. शहाणपणाचं असं फळ मिळालं की माणसाने बोलायचं तरी कोणाला?

ओलेटाबाईंनी डोळे उघडले.

"तेव्हापासून माणसाची हाडं बदलली का गं?"

"नाही."

"माझी मात्र कमी झाली."

दोघीही हसल्या. रेंडाचं हसू लवकर संपलं.

दारावर टकटक करून केल्सी आत आली. ती इथली नर्स, रेंडाच्या मुलीच्या वयाची. हातातल्या ट्रेमध्ये इन्सुलिनची सुई होती.

"रेंडा, जरा सरकता का?"

"हो, हो."

रेंडा टब उचलून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मदतनिसाने सुईला हात लावायचा नाही, असा नियमच होता. केल्सीने बाईंच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सुई टोचली. चांगलीच टोचली, तिला नावं ठेवायला जागा नव्हती. रेंडाची बोटं आपोआप जुळली. चिमटीत काहीच नव्हतं. तिला ते काम हवं होतं. पगार कोणाला नको असतो, पण त्याहून जास्त तिला हे हवं होतं, की कोणी दुखण्याने पडलेलं असताना आपल्याला बाजूला सरकायला लागू नये.

जाताना केल्सीने पांघरूण उचलून बाईंच्या टाचेवरची पट्टी सोडवून पाहिली आणि पुन्हा बांधली.

"ही जखम अजून ओलीच आहे. डॉक्टरांच्या कानावर घालते," ती म्हणाली आणि पुढच्या खोलीकडे गेली.

रेंडा टब घेऊन पलंगाशी परत आली आणि स्टुलावर बसली.

"मी नाही करणार पुन्हा," ती म्हणाली. "चाळिशी उलटली माझी. ह्या हातांनी अंगं पुसायची, तर पुसते. त्यात वाईट काय आहे?"

"काही वाईट नाही," ओलेटाबाई म्हणाल्या. "तुझ्यासारखं कोणी पुसत नाही इथे."

बाई वाद घालतील असं रेंडाला वाटलं होतं. त्यांनी घातला नाही, तेच तिला लागलं. ती त्यांचे हात पुसत राहिली, एकेक बोट करून. एकाही हाडाचं नाव तिने घेतलं नाही.

हात झाले, तशी बाईंनी स्वतःच पांघरूण बाजूला केलं आणि पलंगाची दांडी धरून, कण्हत, आपला उरलेला पाय सरकवत रेंडाच्या मांडीवर आणून ठेवला.

"तो हाडांचा वर्ग कधी सुरू होतो?"

"ऑगस्टात. पण मी आत्ताच म्हटलं ना..."

"ऑगस्टात उशीर होईल," ओलेटाबाई म्हणाल्या. "डॉक्टरची नजर आता ह्याच्यावर आहे. आजच सुरू कर."