कोलियसच्या काड्या

कोलियससारखं निलाजरं झाड नाही. काडी तोडून कुठेही खोचा, आठवड्यात रुजते. थोरल्या जावेची गच्ची त्याच्या लाल-जांभळ्या पानांनी नुसती पेटलेली असे. धाकटीने मात्र पाच वेळा काड्या नेल्या आणि पाचही वेळा त्या बुडातून कुजल्या.

"माझ्याच हाताला गुण नाही, ताई," धाकटी म्हणाली. "पोटातलंही दोनदा टिकलं नाही. परवाची डॉक्टरांची वेळ रद्द केली मी. पुरे झालं."

"असं मनाला लावून घेऊ नये गं. बस, ताज्या काड्या देते."

थोरलीने चांगल्या ठसठशीत काड्या खुडल्या आणि ती स्वयंपाकघरात गेली. चहाचं आधण उकळत होतं. काड्यांची खालची टोकं तिने नेहमीसारखी दहा आकडे मोजेपर्यंत त्यात धरली, मग ओल्या कागदात मायेने गुंडाळली.