कायद्यात बसणारा ट्रेलर

आपली चिमुकली जुनी गाडी लादून न्यायला ट्रेलर निवडण्यात डेसमंडने अख्खं वर्ष घालवलं. ब्रेक, टायर, वजनाची मर्यादा, सगळं कसं कायद्यात बसायला हवं! आज सकाळीही ट्रेलरचे दिवे तीनतीनदा तपासूनच स्वारी स्वॉन्सीला जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला निघाली. वाटभर एकच पालुपद, "ग्लेनिस, मागे काही ओढतोय असं वाटतंय तरी का?"

"छे, मुळीच नाही!" थर्मासमधला चहा ओतत बायको म्हणाली.

तपासणीसाठी पोलिसाने थांबवलं, तेव्हा तर डेसमंड हुरळलाच. पोलिसाने वाकून वाकून सगळं पाहिलं. "नाव ठेवायला जागा नाही, साहेब! निघालात कुठे?"

"मेळाव्यात आमची गाडी मांडायला!"

पोलिसाने पुन्हा एकदा रिकाम्या ट्रेलरकडे पाहिलं. "मग ती घरून कधी निघणार?"